तात्यांची शहात्तरची नाडी

"शहात्तर," तात्या ओठ न हलवता पुटपुटले.

त्यांचं मनगट लोकरे नावाच्या मुलीच्या हातात होतं. मुलीच्या कपाळावर घाम साचला होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती भजनाला बसल्यासारखी मान डोलवत होती. आकडा कानावर पडताच तिचा चेहरा उजळला. आणखी थोडा वेळ मान डोलवून तिने तक्त्यावर ७६ लिहिलं, मी माझ्या कागदावर चौदाव्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि तात्यांनी डोळे मिटून पुन्हा आजारी चेहरा केला.

मला ऐकू आलं नव्हतं असं कसं म्हणू? मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डाच्या टोकाला पडदे लावून आमची परीक्षा चालली होती. वर्षानुवर्षं वॉर्डात काम केलेल्या मावश्यांनाही आता 'रुग्ण सहाय्यक' म्हणून प्रमाणपत्र लागणार, असा नियम आला होता. ते द्यायला मंडळाकडून परीक्षक यायची. ती परीक्षक म्हणजे मी, मार्था आवळे. त्याआधी सव्वीस वर्षं नर्स होते. मग गुडघे बोलायला लागले, म्हणून उभ्याचं काम सोडून बसायचं काम घेतलं.

बसायचं काम मला मानवलं. माणसांना रकान्यांत बसवायची मला पहिल्यापासून खोड. हिचे हात चांगले, तोंड वाईट. तिचं तोंड गोड, पण चादरीचे कोपरे लोंबतात. मंडळाचा कागद तर माझ्यासाठीच छापल्यासारखा होता. एकोणतीस ओळी. हात धुतले का, पेशंटला नाव सांगितलं का, ताप, नाडी, श्वास, कुशीवर वळवणं, बिछाना. त्यांतल्या सहा ओळींपुढे चांदणी छापलेली. चांदणीवाली एक ओळ चुकली की बाकीच्या अठ्ठावीस बरोबर असून उपयोग नाही. नाडीची चौदावी ओळ चांदणीवाली होती. परीक्षकाने सकाळी स्वतः मोजून आकडा लिहायचा आणि बाईचा आकडा त्याच्या चारने मागे-पुढे आला तर चालवून घ्यायचा.

शेवटी दोन चौकटी. 'सक्षम' आणि 'अद्याप सक्षम नाही'. नापास हा शब्द माणसाला लागतो म्हणून मंडळाने तो काढून टाकला होता. दुसऱ्या चौकटीतल्या बाया पडद्याबाहेर गेल्या की "नापास झाले गं" म्हणूनच रडायच्या.

आणि पेशंट म्हणजे तात्या. बाळगोंडा तात्या. याच हॉस्पिटलात त्यांनी एकतीस वर्षं लिफ्ट चालवली होती. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून परीक्षेचा पेशंट व्हायला लागले. आठ वर्षं दर सहा महिन्यांनी येऊन दिवसभर आडवे पडायचे.

"तीस वर्षं मी लोकांना वर-खाली केलं," ते म्हणायचे, "आता लोक मला कुशीवर करत्यात. फिट्टंफाट."

कण्हायचे असे, की नव्या बाया घाबरायच्या. मग तेच हळूच म्हणायचे, "हात धुतले का बाई?" कुणी रेलिंग लावायला विसरली तर पलंगाच्या कडेला सरकून, पडतो की काय असा चेहरा करायचे. त्या हॉस्पिटलातली निम्मी प्रमाणपत्रं माझ्या हिशेबी तात्यांनी दिलेली होती.

पण पेशंटलाही परीक्षा होती. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तपासून 'फिट' लिहून दिलं तरच तो पलंगावर पडणार. मागच्या खेपेला तात्यांचं प्रेशर एकशे साठ निघालं होतं, कसंबसं निभावलं. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तात्या, हे असंच चढत राहिलं तर पुढच्या खेपेला दुसरा पेशंट बघावा लागेल हं." सगळे हसले. तात्याही हसले. मी बोलून विसरले.

यंदा मात्र सकाळी आठला फिटनेसचा कागद स्वच्छ आला.

"काय तात्या, प्रेशर एकदम कॉलेजच्या पोरासारखं!"

"मग? तुम्ही दुसरा पेशंट बघू नये म्हणून काळजी घेतो की."

*

आठ बाया झाल्या आणि वॉर्डाची इन्चार्ज नलिनी चहा घेऊन आली. नलिनी माझ्याच बॅचची. तीन वर्षं आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत एका आरशात भांग पाडले होते.

"लॉगबुक आणलंयस ना?" तिने विचारलं. "जेवण झालं की उरकून टाकू."

"पर्समध्ये आहे."

"आणि पेनं?"

"निळं आणि काळं, दोन्ही."

ती हसली. मग पडद्याआड बघून आवाज खाली आणला. "पुढची माझी महादेवी आहे. तिसरी खेप. आज नाही झालं तर सोमवारपासून धुलाईत. ऑफिसने कागद टाइप करून ठेवलाय, फक्त सही बाकी."

"चौदा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला धुलाईत?"

"प्रमाणपत्र नाही तर पेशंटला हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम. मार्था, या वॉर्डात रात्री-अपरात्री कुणाचं काय बिघडतंय हे डॉक्टरांच्या आधी हिला कळतं. तू जरा..."

"मी काय जरा? एकोणतीस ओळी काय ते ठरवतील."

असं बोलायला मला आवडायचं.

महादेवी कोळेकर मला आठवत होती. उंच, वाळकी, चाळिशीची बाई. पहिल्या खेपेला तिने सगळं बरोबर केलं होतं, पण मुक्याने. करताना काय करतोय ते मोठ्याने सांगायचं असतं, ते तिला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला बोलली, पण वेळ संपली. माझ्या रकान्यात ती 'कामाची, पण परीक्षेची नव्हे' अशी बसली होती.

ती आत आली. नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत. मग पलंगाशी उभी राहून धडा म्हटल्यासारखं म्हणाली, "नमस्कार. माझं नाव महादेवी कोळेकर. मी तुमची नाडी आन् ताप बघणार हाय. बघू का?"

"बघ की," तात्या कण्हत म्हणाले.

ताप झाला. तिने स्टूल ओढलं, त्यांचा हात आपल्या मांडीवरच्या उशीवर घेतला आणि तीन बोटं ठेवली.

"शहात्तर," तात्या पुटपुटले.

"गप्प बसा तात्या. मोजतीया न्हवं मी."

"अगं, तुझ्याच भल्याचं..."

"बोललं की ठोकं वाढत्यात. गप्प."

तात्यांना परीक्षेत कुणी गप्प केल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. बाकीच्या बाया पंधरा सेकंद मोजून चारने गुणायच्या, किंवा गुणल्यासारखं करायच्या. हिने पूर्ण मिनिट घेतलं. मग तात्यांच्या तोंडाकडे बघितलं, पापणी खाली ओढून बघितली आणि परत घड्याळाकडे बघून दुसरं मिनिट सुरू केलं.

"महादेवी, वेळ बघ," मी म्हटलं.

"व्हय मॅडम." वर न बघता.

दुसरं मिनिट संपलं. तिने तक्त्यावर आकडा लिहिला. ४२.

मी मान पुढे करून वाचला. बेचाळीस. पहिल्यांदा वाटलं, अर्धंच मिनिट मोजलं असेल. पण दुप्पट केली तर चौऱ्याऐंशी, तेही बसत नव्हतं. घाबरली, दुसरं काय. मी चौदाव्या ओळीपुढे फुली मारली. चांदणीवाली ओळ. पुढचं बघायचं कारण उरलं नव्हतं. मी कागद उलटला आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली. पेन उचलताना मला सोमवारचा टाइप केलेला कागद आठवला, नाही असं नाही.

तिला माझं पेन उलटं वाचता येत होतं.

"मॅडम, चौदाव्याला फुली का?"

"नाडी चुकली."

"न्हाई चुकली."

"परीक्षकाची नोंद शहात्तर आहे."

"कवाची?"

"सकाळची."

"मग आता एकदा मोजा की."

परीक्षा देणारीने परीक्षकाशी वाद घालू नये, असं कागदाच्या मागेच छापलेलं आहे. मला तेवढं बोट दाखवता आलं असतं. पण पडद्याच्या फटीतून उरलेल्या तीन बाया बघत होत्या, नलिनी चहाचे कप घेऊन तशीच उभी होती, आणि मला वाटलं, एकदा दाखवूनच द्यावं.

"बघ हं," म्हणून मी तात्यांचं मनगट धरलं.

काही लागेना. बोटं जरा वर सरकवली. एक ठोका लागल्यासारखा वाटला आणि गेला. खाली सरकवली. दाबली. पुन्हा वर. माझ्या स्वतःच्याच बोटांतलं रक्त मला ठणठण ऐकू यायला लागलं. घड्याळाचा काटा पंधरा सेकंद पुढे गेला तरी माझ्याकडे मोजलेला असा एकही ठोका नव्हता. आणि सगळ्या बघत होत्या.

"शहात्तर," मी म्हटलं.

महादेवी वाद घालेल असं मला वाटलं. ती वाकली आणि तिने माझा हात धरला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या मावशीने माझा हात असा धरला नव्हता. लहान पोराला पाटीवर अक्षर गिरवायला लावावं तशी माझी दोन बोटं उचलून तिने अंगठ्याच्या रेषेत ठेवली.

"हितं. दाबू नका, दाबलं की दडतंय. आन् हलवू नका. थांबा."

"थांबलेय."

"न्हाई थांबला. बोट फिरतंय तुमचं."

ठोका आला. मी पुढच्याची वाट बघितली. आला नाही. माझं बोट सरकणार तेवढ्यात तिने वरून आपलं बोट ठेवून ते जागच्या जागी धरलं. मग, जिना चढून दमलेला माणूस पुढच्या पायरीवर पाय ठेवतो तसा, दुसरा आला.

"येतंय ते," ती म्हणाली. "उशिरानं येतंय. आपण थांबायचं."

"मार्था सिस्टर," तात्यांचा आवाज निराळाच आला. कण्हण्याचं सोंग त्यात अजिबात नव्हतं. "मला जरा... लिफ्ट एकदम खाली गेल्यावानी हुतंय."

त्यांचा चेहरा चादरीच्या रंगाचा झाला होता. मी उठून उभी राहीपर्यंत महादेवीने डोक्याखालची उशी काढून पायाखाली घातली होती, शर्टाची बटणं सोडली होती आणि पडद्याकडे बघून ओरडली होती, "नलिनी सिस्टर, डॉक्टरास्नी बोलवा!" हे सगळं तिने मोठ्याने सांगत केलं. "उशी काढली. पाय वर घेतले. तात्या, डोळं उघडं ठेवा, माझ्याकडं बघा." पहिल्या खेपेला जे जमलं नव्हतं ते.

*

डॉक्टर मुजावर तरुण होते, धावत आले. हृदयाची पट्टी काढली, इंजेक्शन दिलं, नळी लावली. नाडी चाळीस होती.

"तात्या, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

तात्यांनी खिशाकडे बोट केलं. डॉक्टरांनी पाकीट काढून वाचलं. "ही प्रेशरची. हिनं ठोके मंदावतात. दिवसाला एक ना?"

"एक."

"आज किती घेतल्या?"

तात्या छताकडे बघायला लागले. "एक उठल्यावर. एक एसटीत. आन् एक हितं, फिटनेसच्या रांगेत."

"तीन? कशाला?"

तात्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मॅडम दुसरा पेशंट बघणार म्हणाल्या हुत्या."

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच.

तासाभराने त्यांच्या गालांवर रंग आला आणि वरणाला मीठ नाही अशी पहिली तक्रार आली, तेव्हा वॉर्डाचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "असेच उठून बाथरूमला गेले असते तर तिथंच कोसळले असते. कुणी ओळखलं?"

नलिनीने बोट दाखवलं. तात्यांना वॉर्डातल्या पलंगावर हलवलं होतं आणि महादेवी परीक्षेच्या रिकाम्या पलंगाशी उभी राहून चादर झटकत होती.

"मॅडम," ती मला म्हणाली, "बिछाना राहिलाय. सत्ताविसावी ओळ. घालू का?"

"घाल."

मधल्या ओळी, श्वास आणि कुशीवर वळवणं, तिने गेल्या तासाभरात तात्यांपाशी खऱ्याच करून दाखवल्या होत्या. बिछानाही तिने घातला. चारही कोपरे पाकिटासारखे दुमडलेले.

*

नलिनीच्या खोलीत आम्ही दोघी बसलो. मध्ये टेबलावर महादेवीचा कागद. केलेला निकाल बदलायचा असेल तर कागदाच्या तळाशी त्याची सोय होती. पुन्हा दोनच चौकटी. एक : 'पेशंटच्या प्रकृतीत बदल, परीक्षा रद्द.' दुसरी : 'परीक्षकाच्या नोंदीत चूक, निकाल दुरुस्त.' आणि खाली कारण लिहायला दीड ओळ.

"पहिल्या चौकटीत खूण कर," नलिनी म्हणाली. "डॉक्टर लिहून देतील. सकाळी शहात्तर होती, गोळ्यांनी उतरली. सरळ आहे."

"मग महादेवी?"

"रद्द म्हणजे सहा महिन्यांनी परत."

"आणि सोमवारी?"

नलिनीने पेपरवेट फिरवला. "धुलाई. पण सहा महिन्यांचाच प्रश्न आहे."

"दुसऱ्या चौकटीत केली तर?"

"वेडी आहेस का? मंडळ विचारेल, चूक कशी झाली. आधीच्या आठ बायांनी शहात्तर कुठून आणली तेही विचारेल. मग तुझं लॉगबुक मागेल. आणि लॉगबुकात माझी सही आहे, मार्था."

हे लॉगबुक काय ते सांगायला हवं. परीक्षकाचा हात चालता राहावा म्हणून मंडळाचा नियम होता : वर्षाला चाळीस तास परीक्षकाने स्वतः पेशंटपाशी काम करायचं आणि वॉर्डाच्या इन्चार्जने प्रत्येक पाळीला सही द्यायची. नियम आला तेव्हापासून सहा वर्षं मी ते चाळीस तास दरवर्षी एका दुपारी याच टेबलावर बसून केले होते. निळ्या पेनाने एक आठवडा, काळ्याने पुढचा. नलिनी एकेका सहीपुढे शेरा द्यायची. 'उत्कृष्ट.' 'अत्यंत कुशल.' एकदा हसत हसत 'आदर्श परिचारिका' असंही लिहिलं होतं. दोनशे चाळीस तासांत मी एका पेशंटच्या अंगाला हात लावला नव्हता.

"खरं सांग," नलिनीने विचारलं, "सकाळी किती होती?"

"मोजलीच नाही."

पेपरवेट थांबला.

"मनगट हातात धरलं, नातवाचं लग्न ठरलं का विचारलं आणि शहात्तर लिहिलं. मागच्या खेपेलाही तसंच. त्याच्या मागच्याही. आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा मोजली होती तेव्हा शहात्तर होती."

दारावर टकटक झाली. महादेवी तात्यांचा निरोप घेऊन आली होती : मॅडमनी जेवून घ्यावं, आपण बरे आहोत. निरोप देऊन ती वळली. मी तिला थांबवलं. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं.

"महादेवी, आधीच्या दोन खेपांना तू तात्यांची नाडी किती लिहिली होतीस?"

"शहात्तर."

"मोजून?"

ती दाराच्या कडीशी चाळा करायला लागली. "मोजली हुती की. दोन्ही येळंला एकाहत्तर भरली. पण तात्या म्हनले शहात्तर, आन् तुमच्या कागदावर बी शहात्तर दिसली. म्हनलं, एवढ्या मोठ्या सिस्टर हायत, माझंच बोट चुकीचं. मग तसंच लिवलं."

नलिनीने पेपरवेट बाजूला सरकवला.

"मग दोन्ही डाव घरी जाऊन लई मोजलं मॅडम. सासऱ्याची, पोरांची, शेजारणीची. म्हशीची बी मोजली."

"म्हशीची कुठं मोजतात?"

"शेपटीच्या खाली. ती बी हुबी ऱ्हात न्हाई." ती जरा हसली. "पण तुमच्यासारखी काय जमंना. कवाच शहात्तर येईना. आज म्हनलं, जे येईल ते लिवायचं. धुलाईत गेलं तर गेलं."

ती गेली. दार आपोआप ओढलं गेलं.

मी कागद जवळ घेतला. एकाहत्तरपासून शहात्तर पाचने लांब. तिने खरं लिहिलं असतं तर मी तिला दोन्ही वेळेला फुली मारली असती.

मी पर्स उघडली. नलिनी माझ्याकडे बघत राहिली. तिची निवृत्ती तीन वर्षांवर होती आणि आजवर तिच्या नावावर एक साधा मेमोसुद्धा नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

"लिही," ती शेवटी म्हणाली. "फक्त आज शाई एकच वापर."

मी दुसऱ्या चौकटीत खूण केली. दीड ओळ पुरेशी होती. 'परीक्षकाने सकाळी नाडी मोजली नव्हती. उमेदवाराची नोंद बरोबर आहे. सक्षम.' खाली सही. आणि लॉगबुक मी मंडळाने मागायच्या आधीच कागदांसोबत पाकिटात घातलं.

*

पुढे जे व्हायचं ते झालं. त्या आठ बायांची परीक्षा पुन्हा झाली, उरलेल्या तिघींबरोबर, दुसऱ्या परीक्षकाकडे. लोकरे मला बाजारात भेटली की रस्ता बदलायची, आणि तिचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. नलिनीला मेमो मिळाला. तिने तो काचेखाली लावला आणि वॉर्डात नव्याने आलेल्या प्रत्येक नर्सला वाचायला लावला. तात्यांना पेशंट म्हणून परत घेतलं, पण परीक्षेच्या दिवशी गोळीचं पाकीट नलिनीच्या ताब्यात. आता दर तासाला दोघं जण वेगवेगळी नाडी मोजतात, आपल्याला कुणी काही विचारत नाही, म्हणून ते नाराज असायचे.

मला मंडळाने वर्षभर बंदी घातली. शिवाय चाळीस तास. खरे.

मी नलिनीचाच वॉर्ड मागितला. एका सोमवारी सकाळी सात वाजता गुडघ्यांना पट्टे बांधून गेले. महादेवी नवा बिल्ला लावून उभी होती. बिल्ला साडीला टोचून तिरका झाला होता.

"पहिला पेशंट अकरा नंबर," ती म्हणाली. "पैलवान हाय, पाय मोडलाय. तुम्ही मोजा, मग मी मोजते."

मी पूर्ण मिनिट मोजलं. "सहासष्ट."

तिने मोजलं. "एकाहत्तर."

"पाचचाच फरक आहे गं."

"चारपरेंत चालतंय, मॅडम." तिने चेहरा अगदी सरळ ठेवला होता. "अद्याप सक्षम नाही. परत."

पैलवान प्लास्टरातल्या पायासकट हसला. मी परत मोजली.

महिनाभर अशीच परत परत मोजली. म्हाताऱ्यांची, ताप चढलेल्यांची, ऑपरेशनवरून आलेल्यांची. एका माणसाची नाडी चालता चालता मध्येच एक ठोका गाळायची. महादेवी पलंगाच्या पलीकडे उभी राहून त्या गाळलेल्या ठोक्याला भुवई उचलायची, आणि तो मलाही कळला की नाही ते माझ्या भुवईवरून बघायची.

चाळिसावा तास संपला त्या दुपारी मी नवं लॉगबुक नलिनीपुढे ठेवलं. एकाच शाईची वीस पानं. तिने सगळीकडे सह्या केल्या. शेऱ्याचा रकाना आला तेव्हा पेन उचलून शेजारी उभ्या असलेल्या महादेवीकडे धरलं.

"हे तू लिही. बघितलंयस तू."

"मी काय लिवू?"

"जे दिसलं ते."

महादेवीने पदराला हात पुसले. टेबलावर वाकून, ओळ सोडून वर-खाली जाणाऱ्या अक्षरांत तिने बराच वेळ घेऊन लिहिलं, आणि वही माझ्याकडे वळवली.

'आता बोट थांबतंय.'